प्रोसेसरचा आवाज कशातून काढायचा?

गिटारचा डिजिटल ॲम्प मॉडेलर, म्हणजे ॲम्प आणि इफेक्ट यांची नक्कल करणारे, आपल्याकडचे वादक ज्याला सरसकट प्रोसेसर म्हणतात ते यंत्र, विकत घेण्यापूर्वी बहुतेकजण महिनोन्महिने अभ्यास करतात. कोणत्या यंत्रात कोणते ॲम्प आहेत, एका वेळी किती इफेक्ट चालतात, पायाखाली बटणे किती आहेत, याची इत्थंभूत माहिती त्यांना तोंडपाठ असते. यंत्र घरी आले की मात्र ते कशाला जोडायचे हा प्रश्न एका संध्याकाळीत निकाली निघतो. घरात असेल तो कॉम्बो ॲम्प (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला), नाहीतर मित्राकडे पडून असलेला स्पीकर पुढे केला जातो आणि मग आवाज मनासारखा येईना की दोष यंत्राला दिला जातो. मला हा क्रमच उलटा वाटतो. श्रोत्याच्या कानापर्यंत जे पोहोचते त्यात शेवटच्या स्पीकरचा वाटा इतका मोठा आहे की दोन नामांकित प्रोसेसरांमधला फरक त्यापुढे किरकोळ ठरतो.

मी पुण्यात वाद्यवृंदांमध्ये आणि एका लहान बँडमध्ये गिटार वाजवते. त्यामुळे एकच यंत्र नाट्यगृहाच्या ध्वनिव्यवस्थेला, सरावाच्या खोलीतल्या कॅबिनेटला (गिटारचा स्पीकर बसवलेल्या पेटीला) आणि घरातल्या हेडफोनला जोडण्याची वेळ माझ्यावर सतत येते. या अनुभवातून माझे मत पक्के झाले आहे. ब्रँड, वॅट आणि किंमत यांच्याकडे वळण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे लागते: कॅबिनेटचे काम यंत्राच्या आत होणार आहे की बाहेर? ते कुठेतरी एकदा व्हायलाच हवे आणि एकदाच व्हायला हवे. बाकीचे निर्णय या उत्तराच्या मागोमाग येतात.

हे नीट समजण्यासाठी गिटारचा स्पीकर काय करतो ते पाहिले पाहिजे. गाणे ऐकण्यासाठीचा स्पीकर आलेला आवाज शक्य तितका जसाच्या तसा पुढे देतो. गिटारचा स्पीकर मात्र वाद्याचाच एक भाग आहे. सेलेशनचा व्हिंटेज ३० हा १९८६ पासून असंख्य रॉक कॅबिनेटमध्ये बसलेला १२ इंची स्पीकर आहे आणि उत्पादकाने त्याचा पट्टा ७० ते ५००० हर्ट्झ असा दिला आहे. माणसाचा निरोगी तरुण कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा पट्टा किती अरुंद आहे ते कळते. त्या पट्ट्याच्या आतही स्पीकर समतोल नसतो. साधारण २ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपास तो उठून बोलतो, आणि बँडच्या गलक्यातून गिटार स्पष्ट ऐकू येते ती बऱ्याच अंशी या उठावामुळे. ५ हजारांच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. ही उणीव नव्हे, कारण डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजामुळे, मूळ स्वराच्या वर जी स्वनांशांची गर्दी तयार होते ती या उतारावरच गाळली जाते.

हे पटवून घ्यायचे असेल तर हेडफोन लावून एखादा भरपूर गेन (डिस्टॉर्शन वाढवणारा जोर) असलेला प्रीसेट, म्हणजे साठवलेला टोन, उघडावा, एक पॉवर कॉर्ड वाजवून धरून ठेवावी आणि साखळीतला कॅबिनेटचा ब्लॉक बंद करावा. जाडजूड, ओळखीचा वाटणारा आवाज क्षणात पातळ होतो आणि त्यावर एक करकरीत भुणभुण चढते. तारांचा दम नाहीसा होतो आणि पिक घासल्याचा खरखराट तेवढा पुढे येतो. ब्लॉक पुन्हा चालू केला की गिटार परत येते. ॲम्पचे मॉडेल दोन्ही वेळा तेच होते, बदलला तो फक्त कॅबिनेटचा ब्लॉक. ज्यांनी ॲम्पच्या मॉडेलांची तुलना करण्यात वेळ घालवला आहे आणि कॅबिनेटला कधी हात लावलेला नाही, त्यांनी हे जरूर करून पाहावे.

यंत्रातला हा ब्लॉक बहुतेक वेळा आयआरवर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्सवर चालतो. खऱ्या कॅबिनेटसमोर मायक्रोफोन ठेवून, त्यातून ठरावीक चाचणी-ध्वनी वाजवून त्या जोडीचा प्रतिसाद टिपलेला असतो. ४८,००० हर्ट्झच्या नमुनागतीला २०४८ नमुन्यांचा आयआर साधारण ४३ मिलिसेकंदांचा होतो, आणि जवळून टिपलेल्या कॅबिनेटचा स्वभाव एवढ्या वेळात पुरेसा मावतो. इथे 'जवळून' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. बहुतेक आयआरमध्ये मायक्रोफोन स्पीकरच्या जाळीपासून अवघ्या काही सेंटिमीटरांवर असतो आणि तो पुष्कळदा शुअर कंपनीचा, १९६५ पासून बाजारात असलेला एसएम ५७ असतो. याचा अर्थ असा, की यंत्रातून बाहेर येतो तो ॲम्पचा मायक्रोफोनने ऐकलेला आवाज. तो ध्वनिमुद्रणात ऐकू येणारा आवाज आहे. खोलीत दोन-तीन मीटरांवर उभ्या असलेल्या वादकाला जो ऐकू येतो तो हा नव्हे.

या दोहोंत फरक का पडतो त्याचे एक कारण साध्या भौतिकीत आहे. १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण ३४ सेंटिमीटर असते, तर ३००० हर्ट्झची साधारण ११ सेंटिमीटर. स्पीकरच्या शंकूच्या रुंदीपेक्षा तरंगलांबी लहान होऊ लागली की ध्वनी सगळीकडे पसरायचा थांबतो आणि समोर झोतासारखा जाऊ लागतो. १२ इंची स्पीकरमध्ये हे साधारण दीड-दोन हजार हर्ट्झपासून जाणवायला लागते. आता कॅबिनेट जमिनीवर आहे आणि वादक त्याच्या थोडा बाजूला उभा आहे असे चित्र डोळ्यांसमोर आणा. तिखट भागाचा, म्हणजे उंच कंप्रतांचा, झोत त्याच्या गुडघ्यांजवळून निघून जातो आणि कानांपर्यंत पोहोचतो तो उबदार, गोलसर, भिंतींवरून परतलेला आवाज. त्याच कॅबिनेटसमोर खाली बसून कान स्पीकरच्या मध्याशी नेला तर आवाज अंगावर येतो, आणि डोके जरासे कडेला सरकवले की मवाळ होतो. ॲम्पवर वाढलेल्या वादकांना पूर्ण पट्ट्याचा स्पीकर पहिल्यांदा ऐकताना जो परकेपणा वाटतो त्याचे मूळ इथे आहे. अशा स्पीकरचा हॉर्न (उंच कंप्रतांसाठीचा कर्णा) तिखट भाग रुंद कोनात पसरवतो, म्हणून आजवर आपण ज्याच्या बाजूला उभे राहून वाजवत आलो तो आवाज एकदम समोरून ऐकू येतो.

१९९८ मध्ये लाइन ६ चा पॉड आला तेव्हा हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता, कारण ते लाल रंगाचे टेबलावरचे यंत्र मुख्यतः घरी, ॲम्पशिवाय ध्वनिमुद्रण करण्यासाठी वापरले जाई. पुढे २००६ मध्ये फ्रॅक्टलचे ॲक्स-एफएक्स, २०१५ मध्ये हेलिक्स आणि २०२१ मध्ये क्वाड कॉर्टेक्स बाजारात आले. यंत्रे रंगमंचावर स्थिरावली आणि ॲम्पच्या जागी काय ठेवायचे याचे उत्तर प्रत्येक वादकाला द्यावे लागले.

पहिला मार्ग आहे पॉवर ॲम्प (स्पीकर हलवण्याइतकी शक्ती देणारा ॲम्पचा भाग) आणि खरे गिटार कॅबिनेट. यात यंत्रातले कॅबिनेट बंद करायचे, ॲम्पचे मॉडेल आणि इफेक्ट तेवढे यंत्राकडून घ्यायचे आणि उरलेले काम बाहेरच्या स्पीकरवर सोपवायचे. यंत्रातले कॅबिनेट चालू ठेवून पुन्हा गिटार कॅबिनेटमधून वाजवणे म्हणजे चष्म्यावर चष्मा चढवण्यासारखे आहे. आवाज दबलेला, गढूळ आणि नाकातून आल्यासारखा येतो. हातात येणारी अनुभूती हा या मार्गाचा मोठा गुण आहे. कॅबिनेटसमोर उभे राहून स्वर लांबवला, की स्पीकरमधून येणारी हवा तारांना पुन्हा हलवते आणि फीडबॅक हळूहळू स्वरात मिसळतो. ज्यांचे वाजवणे या देवाणघेवाणीवर उभे आहे त्यांनी दुसऱ्या कशाचा विचार करू नये, असे मी मनापासून सांगेन.

पॉवर ॲम्प निवडताना वॅटच्या आकड्याचा अर्थ नीट लावावा लागतो. व्हिंटेज ३० ची संवेदनशीलता १०० डेसिबल आहे, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटर अंतरावर १०० डेसिबल मिळतात. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात आणि दसपट केली की १० डेसिबल. या हिशेबाने ५० वॅटवर तो स्पीकर साधारण ११७ डेसिबलपर्यंत जातो. ज्याची संवेदनशीलता ९५ डेसिबल आहे अशा स्पीकरला तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी १६० वॅटच्या आसपास लागतात. त्यामुळे "माझा जुना ५० वॅटचा ॲम्प पुरत होता, मग हा १०० वॅटचा का पुरत नाही" या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा स्पीकरच्या संवेदनशीलतेत सापडते. शिवाय व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प क्षमतेच्या पुढे ढकलला तरी त्याचा आवाज गोड राहतो; ट्रान्झिस्टरचा किंवा क्लास डी (आटोपशीर, आधुनिक प्रकारचा) पॉवर ॲम्प मर्यादा ओलांडली की एकदम कडवट होतो. म्हणून तो घेताना हातचा भरपूर राखून घ्यावा, विशेषतः स्वच्छ आवाजात वाजवणाऱ्यांनी, कारण स्वच्छ स्वराचे सुरुवातीचे टोक त्याच्या सरासरीपेक्षा बरेच वर जाते.

ओहमचा प्रश्न याच्याशीच बांधलेला आहे. सेमूर डंकनचा पॉवरस्टेज १७० घ्या. पायपेडलांच्या पाटीवर बसेल एवढा तो लहान आहे. पण त्याचे १७० वॅट ४ ओहमच्या कॅबिनेटसाठी आहेत. बाजारातली बहुतेक एक-स्पीकरची कॅबिनेट ८ किंवा १६ ओहमची असतात, आणि ट्रान्झिस्टर किंवा क्लास डी ॲम्पकडून ८ ओहमवर ४ ओहमच्या तुलनेत बरीच कमी, पुष्कळदा निम्म्याच्या आसपासच शक्ती मिळते. व्हॉल्व्ह ॲम्पचे गणित निराळे असते. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर ४, ८, १६ ओहमच्या वेगळ्या जोडण्या असतात आणि त्या जुळवाव्याच लागतात. स्पीकर न जोडता तो चालू केला तर ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. पॉवर ॲम्प आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची वायर लावायची नाही, स्पीकरची जाड वायरच लावायची, हेही इथेच सांगून ठेवते. दोन्हींचे टोक सारखेच दिसते, म्हणून हा गोंधळ फार होतो.

आणखी एक बारकावा जाणकार वादकांनाही पुष्कळदा ठाऊक नसतो. व्हॉल्व्ह पॉवर ॲम्प आणि स्पीकर एकमेकांवर परिणाम करतात. स्पीकरचा विद्युत-विरोध सगळ्या कंप्रतांना सारखा नसतो; खाली त्याच्या स्वतःच्या अनुनादाशी तो उंचावतो आणि वरच्या पट्टीत पुन्हा चढत जातो, आणि व्हॉल्व्ह ॲम्प त्या चढउतारांच्या मागे जातो, म्हणून बेस फुगीर आणि तिखट भाग उजळ लागतो. क्लास डी ॲम्प स्पीकरला घट्ट धरून ठेवतो आणि असे काही करत नाही. चांगल्या मॉडेलरमध्ये या परिणामाची नक्कल आधीच केलेली असते. म्हणून क्लास डी ॲम्प वापरताना यंत्रातले पॉवर ॲम्पचे मॉडेल चालू ठेवावे आणि खऱ्या व्हॉल्व्ह पॉवर ॲम्पमध्ये जाताना ते बंद करून ऐकावे, फक्त प्रीॲम्पचे, म्हणजे स्वराला रंग देणाऱ्या पहिल्या भागाचे, मॉडेल ठेवावे. अंतिम निवाडा अर्थातच कानांचा.

ज्यांच्याकडे आधीच कॉम्बो ॲम्प आहे त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त वाट म्हणजे त्याच्या मागचे इफेक्ट्स लूपचे 'रिटर्न' भोक. तिथे प्रोसेसर जोडला की कॉम्बोचा प्रीॲम्प वगळला जातो आणि त्याचा पॉवर ॲम्प व स्पीकर तेवढे आपल्या कामी येतात. लूप नसेल आणि पुढच्या इनपुटमध्येच जावे लागणार असेल, तर यंत्रातली ॲम्प आणि कॅबिनेट दोन्ही बंद करून त्याचे इफेक्ट तेवढे वापरावेत. नवे काही विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाने हे करून पाहावे, असा माझा आग्रह असतो.

दुसरा मार्ग पूर्ण पट्ट्याच्या स्पीकरचा. गिटारवादक त्याला एफआरएफआर म्हणतात: सगळ्या कंप्रता देणारा आणि स्वतःचा रंग न चढवणारा. यात यंत्रातले कॅबिनेट चालू राहते आणि स्पीकरने ते फक्त मोठे करून ऐकवायचे. माझी स्वतःची निवड हीच आहे आणि तिच्यामागे एकच कारण आहे: ज्या कार्यक्रमांत मी वाजवते तिथे प्रेक्षकांना माझी गिटार सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेतून ऐकू येते, माझ्या पाठीमागच्या पेटीतून नव्हे. मी घरी जो आवाज घडवते तो त्या व्यवस्थेच्या जातीच्याच स्पीकरवर घडवला, तर बाहेर काय पोहोचेल याचा अंदाज मला येतो. गिटार कॅबिनेटवर घडवलेला आवाज मायक्रोफोन न लावता ध्वनिव्यवस्थेत थेट देता येत नाही. तिथे पुन्हा आयआर लागतो आणि मग मी ऐकते एक, प्रेक्षक ऐकतात दुसरे.

गिटारसाठी म्हणून विकले जाणारे एफआरएफआर घ्यायचे की साधा ॲक्टिव्ह पीए स्पीकर (सभागृहात वापरतात तसा, आतच ॲम्प असलेला), या वादात मी निःसंकोचपणे पीए स्पीकरच्या बाजूची आहे. फेंडरने २०२३ मध्ये आणलेले टोन मास्टर एफआर-१० आणि एफआर-१२ दिसायला जुन्या ॲम्पसारखे देखणे आहेत, लाइन ६ च्या पॉवरकॅबमध्ये गिटार स्पीकरची मॉडेलही आहेत, आणि केम्परने सेलेशनबरोबर तयार केलेला स्पीकर याच दिशेचा आहे. ही साधने 'खोलीतल्या ॲम्प'चा परकेपणा कमी करण्यासाठी केलेला विचारपूर्वक प्रयत्न आहेत, आणि ज्यांना परवडते त्यांनी ती जरूर ऐकावीत. मात्र आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत आणि बिघडली तर दुरुस्तीसाठी वाट पाहावी लागते. यामाहा किंवा जेबीएलचा १० किंवा १२ इंची ॲक्टिव्ह स्पीकर कोणत्याही मोठ्या शहरात ऐकून घेता येतो, भाड्याने मिळतो, गिटार नसेल त्या दिवशी गायकाच्या उपयोगी पडतो आणि विकायचा ठरवला तर गिऱ्हाईक सापडते. कीबोर्डचा ॲम्पही पुष्कळजण वापरतात. यंत्रातले कॅबिनेट चालू ठेवले तर तो सरावापुरते काम चोख करतो.

अशा स्पीकरवर छापलेल्या वॅटच्या आकड्याने हुरळून जाऊ नये. १००० किंवा २००० वॅट हा आकडा बहुधा क्षणभराच्या शिखराचा असतो. त्याऐवजी माहितीपत्रकात दिलेली कमाल ध्वनिपातळी पाहावी आणि तीही मोजमाप कसे केले आहे हे लक्षात ठेवून वाचावी. ड्रम सेटचा आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो, त्यामुळे ड्रमरबरोबर वाजवायचे असेल तर ८ इंची स्पीकर अपुरा पडण्याची शक्यता मोठी आहे. स्पीकर उभा करून स्टँडवर ठेवला, की तो स्वच्छ आणि थोडा सडसडीत वाजतो. जमिनीवर आडवा ठेवला की बेस वाढतो आणि कोपऱ्यात ठेवला तर आणखी वाढतो. पायाशी तिरका ठेवला तर हॉर्न थेट कानाकडे रोखला जातो, म्हणून त्या स्थितीत तिखट भाग थोडा उतरवावा लागतो.

पूर्ण पट्ट्याच्या स्पीकरबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "घरी उत्तम वाटणारा टोन मोठ्या आवाजात कर्कश आणि धबधबीत होतो." इथे स्पीकर निर्दोष असतो. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की कानाची संवेदनशीलता आवाजाच्या पातळीनुसार बदलते. आवाज लहान असताना कानाला बेस आणि अगदी वरचा भाग कमी ऐकू येतो, मधला भाग तुलनेने अधिक. आपण शहरात फ्लॅटमध्ये राहतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती तर त्याहून आधी संपते. साहजिकच रात्री हळू आवाजात टोन घडवताना बेस आणि तिखट भाग वाढवला जातो, मधला कमी केला जातो, आणि तोच प्रीसेट रंगमंचावर १०० डेसिबलला वाजला की वाढवलेले सगळे अंगावर येते, कमी केलेला मधला भाग मात्र बँडमध्ये हरवतो. यावर उपाय एकच: टोन ज्या आवाजात वाजवायचा आहे त्याच आवाजात तो घडवावा. त्यासाठी सरावाची खोली तासाभरासाठी भाड्याने घ्यावी आणि त्या तासात गाणी न वाजवता फक्त प्रीसेट दुरुस्त करावेत. हा खर्च मला नव्या पेडलवर केलेल्या खर्चापेक्षा नेहमी अधिक सार्थकी लागला आहे.

त्या तासात मी काय करते तेही सांगते. प्रथम कॅबिनेटच्या ब्लॉकमध्ये खालची गाळणी ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास आणि वरची ६ ते ८ हजारांच्या आसपास लावते. गेन जास्त असेल तर वरची आणखी थोडी खाली आणते. खऱ्या स्पीकरने जे गाळले असते त्याचीच ही भरपाई असते, त्यामुळे ती लावताना संकोच वाटू देऊ नये. त्यानंतरही आवाज टोचत असेल तर इक्वलायझरकडे न जाता आयआरमधला मायक्रोफोन शंकूच्या मध्यापासून कडेकडे सरकवते किंवा रिबन मायक्रोफोनचा आयआर थोडा मिसळते. शेवटी बेस गिटार आणि ड्रमबरोबर वाजवून मधला भाग वाढवते, एकट्याने ऐकताना तो खुपला तरीही.

काही वादकांना स्वतःचा स्पीकर लागतच नाही. वाद्यवृंदातला गिटारवादक पुष्कळदा प्रोसेसर थेट मिक्सरला देतो आणि समोरच्या मॉनिटरमधून स्वतःला ऐकतो. सामान हलवण्याच्या दृष्टीने यासारखे सुख नाही. चार स्पीकरचे मोठे कॅबिनेट ३५ किलोंच्या पुढे जाते आणि पुण्यात दुचाकीवरून कार्यक्रमाला जाणाऱ्याला त्याचा विचारही करता येत नाही. पण त्या मॉनिटरमध्ये गायक, तबला, ढोलकी, कीबोर्ड सगळेच स्वतःसाठी जागा मागत असतात आणि गिटारचा क्रम शेवटी लागतो. लावणीच्या ठेक्यात ढोलकी तापली की गिटारची नाजूक भरणी वादकालाच ऐकू येत नाहीत, मग तो जोरात वाजवू लागतो आणि तोल बिघडतो. म्हणून थेट जाणाऱ्यांनीही पायाशी स्वतःचा लहानसा स्पीकर ठेवावा किंवा कानातला मॉनिटर वापरावा, असे मला वाटते. घरच्या सरावासाठी हेडफोन किंवा ५ इंची स्टुडिओ मॉनिटर पुरेसे आहेत. तेच मॉनिटर ड्रमरसमोर नेऊन ठेवू नयेत, ते त्या कामासाठी बनलेले नाहीत.

स्वतःचा स्पीकर आणि सभागृहाची व्यवस्था दोन्ही एकाच वेळी वापरायची म्हटली, की नेमके तारांपाशी घोडे पेंड खाते. प्रोसेसर एकीकडे मिक्सरला जोडलेला, दुसरीकडे आपल्या स्पीकरला. मिक्सर सभागृहाच्या मागच्या भागातल्या सॉकेटवर आणि आपला स्पीकर मंचावरच्या. दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला, तरी त्या तारांमधून एक वेटोळे तयार होते आणि ५० हर्ट्झची घरघर, तिच्या वरच्या स्वनांशांसह, सगळ्या सभागृहात घुमू लागते. अशा वेळी काहीजण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ते कदापि करू नये. गिटारच्या तारांना हात आणि मायक्रोफोनला ओठ लावून उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. आधी आपला स्पीकर आणि प्रोसेसर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणावेत. त्याने भागले नाही तर मिक्सरकडे जाणाऱ्या जोडणीवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका वापरावा, आणि यंत्रावर तो नसेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (यंत्र आणि मिक्सर यांना विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवणारी छोटी पेटी) लावावा. या बॉक्समुळे आणखी एक फायदा होतो. मिक्सरवर कंडेन्सर मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू असेल तर ती सहसा आपल्या यंत्रापर्यंत पोहोचत नाही. जुन्या मिक्सरमध्ये हा पुरवठा सगळ्या वाहिन्यांना एकाच खटक्यावर असतो, म्हणून साउंडवाल्यांना आधी विचारून घेणे बरे.

ज्यांना मंचावर खरे कॅबिनेट हवेच आहे आणि बाहेर थेट आवाजही द्यायचा आहे, त्यांच्यासाठी हेलिक्ससारख्या यंत्रात दोन वेगळे मार्ग करता येतात. एका मार्गावर कॅबिनेटचा ब्लॉक ठेवून तो एक्सएलआरमधून (मायक्रोफोनच्या वायरसारख्या तीन पिनांच्या जोडणीतून) मिक्सरला द्यायचा, दुसऱ्यावर कॅबिनेटच्या आधीचा आवाज पाव इंची भोकातून पॉवर ॲम्पला. त्यानंतर यंत्राच्या मुख्य सेटिंगमध्ये जाऊन व्हॉल्यूमची गोल कळ फक्त पाव इंची मार्गाशी बांधायची. असे केले म्हणजे कार्यक्रमाच्या मध्यात मंचावरचा आवाज कितीही कमी-जास्त केला तरी मिक्सरकडे जाणारी पातळी हलत नाही आणि साउंडवाल्यांनी लावलेला तोल तसाच राहतो. यंत्रातला एकूण इक्वलायझरही याच पद्धतीने एकाच मार्गापुरता लावता येतो, म्हणजे मंचावरचा बेस सभागृहाच्या आवाजाला धक्का न लावता कमी करता येतो. ध्वनितपासणीपूर्वी एकदा मंचाचा आवाज पूर्ण बंद करून फक्त सभागृहाच्या स्पीकरमधून गिटार ऐकावी, शक्य असल्यास लांब वायर घेऊन पहिल्या काही रांगांपर्यंत चालत जाऊन ऐकावी, आणि मगच मंचावरचा आवाज उघडावा.